केरूचं बारसं

केरसुणीवर बसायचं नाही. माझी गोष्ट पहिल्याच पानावर अडली ती इथे.

मे महिन्यात भाची गावी आली होती. वय वर्षं नऊ. परदेशी चेटकिणींची पुस्तकं तिने अधाशासारखी वाचलेली. एका दुपारी लाइट गेली होती, बाहेर माडाचं झावळंही हलत नव्हतं, आणि पडवीतल्या गार जमिनीवर पालथी पडून ती म्हणाली, "आत्या, आपल्याकडची चेटकीण सांग ना. लहान. माझ्याएवढी."

मी हो म्हटलं आणि रात्री वही घेऊन बसले. एक मुलगी दिसत होती. काळीसावळी, तेलाने चपचपलेल्या दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. तिला समुद्रावरून उडवायचं होतं. ती केरसुणीवर बसणार एवढ्यात मला आजी आठवली. आमच्या घरात केरसुणीला चुकून पाय लागला तर वाकून हात लावून नमस्कार करायचा. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं. अशा घरातली पोर दोन्हीकडे पाय टाकून लक्ष्मीवर कशी बसेल? टोकदार काळी टोपीही जमेना. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात ती खाडीपार गेली असती. टोपीच्या जागी मी इरलं लिहिलं आणि ते लगेच शोभलं. पावसात शेतात वाकलेल्या माणसांच्या पाठीवरचं इरलं मी लहानपणी पाहिलेलं आहे. लांबून माणूस दिसत नाही, एक मोठं कासव चिखलातून सरकताना दिसतं.

म्हणजे हिची सगळी सामग्री इथलीच हवी होती. आणि सगळ्यात आधी हवं होतं नाव. नाव नसलेली मुलगी माझ्याच्याने चार ओळींच्या पुढे चालत नाही.

नाव शोधण्याआधी ती नेमकी कोण, हे ठरवायला बसले. आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. चेटकीण, हडळ, जखीण, डाकीण, लावसट. यातल्या बहुतेक जणी मेलेल्या आहेत. बाळंतपणात गेली ती हडळ. इच्छा अपुरी राहून गेली ती आणखी कोणी. पुरुषांच्या भुतांनाही अशी कारणं आहेत, मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा. पण बाईचं भूत जवळजवळ नेहमी तिच्या लग्नाशी नाहीतर बाळंतपणाशी बांधलेलं असतं. जखीण हा शब्द तर यक्षिणीवरून आला. तीच यक्षी कुठे जाखमाता होऊन देवळात बसली आणि कुठे जखीण होऊन विहिरीच्या काठावर. कुणाच्या वाट्याला देऊळ यावं आणि कुणाच्या वाट्याला विहीर, याचं उत्तर मला शब्दांच्या इतिहासात सापडलं नाही.

जिवंत असते ती चेटकीण. मला ती हवी होती. चेटूक करते म्हणून चेटकीण. गावाकडे चेडा म्हटलं की पोरं घाबरतात, ते एक भूत. आणि आमच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. "चेडू झाला" म्हणजे मुलगी झाली. हे शब्द मी आयुष्यभर वापरत आले, पण एकाखाली एक लिहिलेले त्या रात्री पहिल्यांदा पाहिले. चेडा, चेडू, चेटूक. कानाला किती शेजारी आहेत! बराच वेळ मी त्या तीन शब्दांकडे बघत बसले.

कोकणातल्या अशा समजुतींच्या नोंदींचं एक जुनं पुस्तक आहे, १९१५ साली छापलेलं. ज्यांनी ते साहित्य जमवलं ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला गोळ्या लागून मारले गेले, आणि राहिलेलं काम एन्थोवेन या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुरं केलं. माहिती आली होती गावोगावच्या शाळांकडून. प्रत्येक नोंदीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, अमुक गावचे शाळामास्तर. भुतं किती प्रकारची, कोण कशी धरते, काय दिलं की सोडते, सगळं मास्तरांनी नीट लिहून पाठवलं. मला त्या मास्तरांबद्दल आदर आहे. त्यांनी लिहिलं नसतं तर यातलं कितीतरी आज उरलं नसतं. पण पानं उलटताना सारखं वाटत होतं, की ज्या बाईला गाव चेटकीण म्हणत होतं ती त्याच गावात राहत असेल ना? तिला विचारायला कोण गेलं?

इथे वेतोबाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आरवली लागतं. तिथे वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. आमच्या भागात तो देव आहे, गावाचा राखणदार आहे, आणि त्याच्यावर आमची जी श्रद्धा आहे तिच्यात भीतीपेक्षा भरवसाच जास्त. माणसाहून कितीतरी उंच मूर्ती. नवसाला केळ्यांचे घड, आणि चपला. चामड्याच्या, हातभर लांबीच्या, कुणाही माणसाच्या पायात न बसणाऱ्या. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, देवाला चपला कशाला? तिने सांगितलं, "रातचो गावभर फिरता तो. राखण करता. मगे चपला झिजतत." मी वाकून एका जुन्या जोडाचा तळ पाहिला होता. टाचेकडे तो खरंच झिजल्यासारखा वाटला. त्या रात्री मला फार शांत झोप लागली. बाहेर कुणीतरी मोठं, पायात चपला घालून, आपल्यासाठी फिरतंय.

हे सगळं मला अजून प्रिय आहे. म्हणूनच त्याच्या शेजारची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या आजोळी, माडांची बाग संपते तिथे व्हाळ, म्हणजे ओढा, आहे आणि व्हाळापलीकडे तेव्हा एक मातीचं घर होतं. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. तिला सगळे 'व्हाळावयली' म्हणत, म्हणजे व्हाळावरची. दुसरं काहीच म्हणत नसत. "तिच्या हातचा काय घेव नको" हे आम्हाला पोहायला शिकवण्याआधी शिकवलं गेलं. मी एकदा आजीला विचारलं होतं, तिचं नाव काय गो? आजी मिरच्यांचे देठ काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिका खंयचा इला नाव? आणि दिवेलागणीक कित्याक काढतंस?" म्हणजे, तिला कुठलं आलंय नाव, आणि दिवेलागणीला ते काढतेस कशाला.

तिच्यावर आळ आला तो एका गायीवरून. मला आठवतंय ते एवढंच, की श्रावणात शेजारच्या एका घरची गाय आटली. गाय आटायला शंभर कारणं असतात. चारा, आजार, वय. पण तिच्या वाटेने व्हाळावयली गेली होती, हे कुणालातरी आठवलं. मग देवाला कौल लावला गेला, चारचौघांत कुजबुज झाली, आणि तिला कुणी मारलं नाही, घर जाळलं नाही, फक्त वाडीच्या विहिरीवर तिने येऊ नये असं ठरलं. एवढंच. इतकं साधं, की त्यात काही चुकलं असं मोठ्यांपैकी कुणाला वाटलंही नसावं.

पाणी तर लागतंच. मग ती रात्री जायला लागली. लांबच्या पाणवठ्यावर, सगळे निजल्यावर, डोक्यावर घागर घेऊन. आणि मग ती लोकांना दिसायला लागली. पांढरं लुगडं, काळोख, माडांमधून सरकणारी बाई. रात्रीची फिरते, म्हणजे आता शंकाच उरली नाही.

एका पहाटे मी एकटीच व्हाळापाशी गेले होते. तिकडे जायचं नसतं हे ठाऊक असून. हडळीची पावलं उलटी असतात असं ऐकलं होतं आणि मला ती बघायची होती. रात्रभर पाऊस पडून थांबला होता. ओल्या रेतीत तिची पावलं उमटलेली होती, पाणवठ्याकडून घराकडे. सरळ होती. टाचेच्या भेगा रेतीतसुद्धा दिसत होत्या, उजव्या पायाचा अंगठा जरा बाहेर वळलेला, आणि घागरीच्या ओझ्याने पावलं खोल रुतलेली. बाजूला पाणी सांडल्याचे लहान लहान खळगे. मी ते कुणालाही सांगितलं नाही. तिकडे गेलीस कशाला म्हणून मार बसला असता. मी सात-आठ वर्षांची होते, पण गावात तेवढी एकच व्यक्ती होती जिने ती पावलं वाकून पाहिली होती, आणि ती गप्प राहिली. आज चाळीस वर्षांनी हे लिहितानाही माझा हात जड होतो.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ मध्ये. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत काय काय गुन्हा आहे ते दिलं आहे. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवतो, असं सांगून त्याच्याविषयी संशय निर्माण करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. दूध आटवणे या शब्दांपाशी मी थांबले. कायद्याच्या कोरड्या भाषेत आमची वाडी, ती गाय आणि तो श्रावण होता.

तर माझी चेटकीण रात्री चालणार. तिच्या पायात चपला असणार. मोठ्या, तिला न बसणाऱ्या, चालताना फटफट वाजणाऱ्या. उडणं मी काढून टाकलं. चालणं पुरे आहे.

नावाकडे वळले. पहिलं सुचलं सुरंगी. आमच्या वेंगुर्ल्याकडचं फूल ते. हिवाळा सरता सरता झाडाच्या जून फांद्यांवर, थेट लाकडावर, कळ्यांचे झुबके धरतात. पाकळ्या पांढऱ्या, आत केशरी-पिवळ्या केसरांचा गच्च झुपका. कळ्या उमलायच्या आत, भल्या पहाटे, झाडावर चढून काढाव्या लागतात. उमलल्यावर माश्यांचा मोहोळ उठतो. आणि सुकल्यावरही वास जात नाही. ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवलेला गजरा पुढल्या वर्षीही ट्रंक उघडली की भेटतो. नाव फार सुंदर. पण सुरंगी ही कुणाच्याही घरची लाडकी लेक वाटते. आजीच्या मांडीवर बसून वेणी घालून घेणारी. या मुलीला जन्मतःच कुणीतरी घाबरलेलं असायला हवं होतं. अबोली काही वेळ मनात राहिली, पण न बोलणारी चेटकीण मला नको होती. न बोलणाऱ्या बायका आपल्या गोष्टींत भरपूर झाल्या.

मग आठवली ती नावं. आधीची मुलं दगावलेली असली की नंतरच्या बाळाला मुद्दाम वाईट नाव द्यायची रीत होती. धोंडू, दगडू, भिकू, केरू. बाळ कुणाच्या डोळ्यांत भरू नये, न्यायला आलेल्याला ते कचरा वाटावं, म्हणून. मला ही रीत नेहमी चटका लावत आलेली आहे. इतकी माया, की ती उलट्या नावाखाली दडवून ठेवावी लागते. याच्या अगदी उलट टोकाला 'नकोशी' हे नाव, जे खरंच नको असलेल्या मुलीला दिलं जातं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली गेली तेव्हा ती बातमी मी कापून ठेवली होती. त्या मुलींनी स्वतःची नवी नावं उच्चारली असतील ती पहिली वेळ कशी असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

केरू. केरातली, केरावरून उचललेली. आणि त्याच अक्षरांनी सुरू होणारी केरसुणी. जी तिला वाहन म्हणून देता आली नाही ती तिच्या नावात आपोआप येऊन बसली. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, केरू, आणि ती मुलगी मान वर करून बघायला लागली.

त्यानंतरचं मग भराभर आलं. केरूचं घर शिरोड्याच्या मिठागरांजवळ. ही तीच मिठागरं, जिथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. तिची आई मिठागरात कामाला. आमच्याकडे मीठ पिकतं म्हणतात, भातासारखं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यांत कोंडायचं, ऊन आणि वारा त्याला आटवत नेतात आणि तळाशी पांढरं पीक धरतं. पाणी आटलं तर कुणी कुणावर आळ घेत नाही अशी जागा मला तिच्यासाठी हवी होती. शिवाय मीठ म्हणजे दृष्टीवरचा उतारा. आमची आजी मूठभर मीठमोहरी माझ्यावरून उतरायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची आणि चुलीत टाकायची. तडतडलं की म्हणायची, बघ केवढी लागली होती. आजीने ते केलं की ती माया असायची. तेच व्हाळावयलीने आपल्या दारात केलं असतं तर? मूठ तीच, मीठ तेच.

केरूच्या आधीची दोन भावंडं गेलेली. ती जन्मली ऐन पावसात, जुलैत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा. सहाव्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवलेली. पण वाऱ्याने कौलं उडाली, पाणी आत आलं, दिवा विझला आणि सकाळी कागद भिजून लगदा झालेला. आजीने बाळाला सुपात घातलं, परसातल्या केराच्या ढिगावर ठेवलं आणि शेजारणीकडून उचलून आणवलं. कपाळ कोरं राहिलेली पोर. गावात कुजबुज सुरू झाली ती तेव्हापासून.

आणि तिची विद्या कोणती? यावर मी पंधरा दिवस घालवले. दूध आटवणं, करणी, लिंबू-मिरची यातलं काही मला तिला द्यायचं नव्हतं. शेवटी एका लग्नात उत्तर मिळालं. नवरीपुढे ताटात तांदूळ पसरलेले, नवऱ्याने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेली एक वयस्क बाई सहज म्हणाली, "माझा आधीचा नाव आता नाय कोणाक ठावक. माहेरचा कोण उरला नाय." सहजच म्हणाली ती, आणि जिलेबी खायला लागली.

केरूला हरवलेली नावं ऐकू येतात. बाईच्या हाताला हात लागला, की तिचं पुसलं गेलेलं नाव तिच्या कानात वाजतं. दिवसा जिच्या सावलीला कुणी उभं राहत नाही त्या पोरीकडे वाडीतल्या बायका रात्री येतात. पदराखाली कंदील दडवून, एकेकटी. मिठागराच्या बांधावर बसतात आणि हात पुढे करतात. केरू नाव सांगते. एवढंच. काही रडतात, काही हसतात, एक जण ते नाव तीनदा म्हणवून घेते. मग मोठ्या चपला फटफटवत केरू त्यांना घरापर्यंत पोचवायला जाते, कारण रात्रीची राखण कुणीतरी करायलाच हवी.

पहिलं प्रकरण लिहून झालं त्या आठवड्यात आईने माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. आजीची दोन लुगडी, त्यांच्या घडीत तपकिरी चुरा झालेला सुरंगीचा गजरा, आणि तळाशी आजोबांच्या दुकानाची उधारीची लांबट वही. आजोबांचं छोटं दुकान होतं. वहीत वाडीतली सगळी माणसं, एकेका पानावर. मी चाळत होते आणि एका पानावर एक नाव आलं जे मी कधीच ऐकलं नव्हतं. पुढे 'बाई' लावलेलं. कंसात, व्हाळावर.

मीठ. काडेपेटी. घासलेट अर्धी बाटली. चहापूड. पुन्हा मीठ. प्रत्येक महिन्याखाली आडवी रेघ आणि 'जमा'. इतर पानांवर कितीतरी ठिकाणी बाकी पुढे ओढलेली होती. या पानावर एकदाही नाही. घरात तिला व्हाळावयलीच म्हणणाऱ्या आजोबांनी दुकानात मात्र दर महिन्याला, वळणदार अक्षरात, तिचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. मी ते मोठ्याने वाचलं. दिवेलागणीची वेळ होती. आईने चमकून वर पाहिलं आणि विचारलं, "कोण गो ही?"

दिवाळीत भाची परत आली तेव्हा मी तिला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. ती न हलता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पण केरू हे तर सटवाईला फसवायचं नाव झालं. तिचं खरं नाव काय?"

"ते कुणाला माहीत नसतं."

"तुला माहितेय."

मी गप्प बसले. ती उठून जवळ आली, केस मागे सारले आणि कान पुढे केला. "मला सांग. आत्याच सांगते ना नाव?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि आधी, बारशात करतात तसं, कुर्रर्र केलं.